अप्पांचा पहिला घास

माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, सॅक्सोफोनची पेटी उघडली की जुन्या मखमलीचा आणि पितळेचा वास येतो, आणि मला नांदेडच्या हॉटेलातली ती रविवारची सकाळ आठवते. अप्पांनी उमरी गावच्या लग्नाच्या बँडमध्ये सगळी उमर घालवली होती, म्हणून नोकरी लागल्यावर मी त्यांना मुद्दाम जाझ ऐकायला ब्रंचला नेलं. कॉफीचा आणि भाजलेल्या पावाचा वास दरवळत होता, कोपऱ्यात हैदराबादहून आलेले तिघे वाजवत होते, त्यातला एक सॅक्सोफोनवर. माझं ऑम्लेट संपलं तरी अप्पांनी ताटाला हात लावला नव्हता. "आवडलं न्हाई का?" मी विचारलं. "ते वाजवून राहिले अन् आपण खायाचं? थांब जरा." लग्नात बँडवाले शेवटच्या पंगतीला बसतात, उरलंसुरलं खातात, हे मला ठाऊक होतं, पण शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले तशी मी अवघडले. वाजवणं थांबताच अप्पा उठले आणि तिघांनाही आमच्या टेबलावर घेऊन आले. मॅनेजर लगबगीने आला. "कलाकारांचं जेवण नंतर असतं, मागच्या खोलीत." अप्पा शांतपणे म्हणाले, "आज माझे पाहुणे हायती. ताटं लावा." ताटं आली. वाद्याचं वजन पेलून अप्पांच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. तो बघून सॅक्सोफोनवाल्याने हसत आपला अंगठा पुढे केला, तिथेही तसाच घट्टा होता. मग अप्पांनी पहिला घास घेतला. आता मी कुठल्याही लग्नात गेले की पहिल्या पंगतीला बँडवाल्यांना बसवते, आणि अजून एकाही यजमानाने मला अडवलेलं नाही.