बाबांना माहीत होतं का?

माझे बाबा जाणार, हे बाबा सोडून साऱ्या घराला माहीत होतं.

निदान आम्हाला तसं वाटत होतं.

आज त्यांची पुण्यतिथी. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, पण माझा गोंधळ अजून गेलेला नाही. म्हणून लिहितेय.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. बरा न होणारा आजार झाला की घरचे पेशंटला काय सांगतात, हा विषय. वर्धेच्या एका मोठ्या दवाखान्यात जाऊन नातेवाइकांचे इंटरव्ह्यू घ्यायचे.

माझ्या गाइड सरांनी पद्धत दिली होती ग्राउंडेड थिअरी. आमच्याकडे तेव्हा कुणी नावही ऐकलं नव्हतं.

"सर, गृहीतक काय धरू?"

"काहीच नाही. रिकामी जा. लोक बोलतील ते लिही, एकाचं दुसऱ्याशी ताडून बघ. सारखं दिसेल त्याला नाव दे. थिअरी त्यातूनच वर येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर अजून लोकांना भेट."

भेटत राहिले. वडनेरची एक सून भेटली. तिच्या सासऱ्यांना सगळे 'साधा ताप' सांगत होते. 

संध्याकाळी सिंदीला घरी आले की लोकांची वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून ओसरीवर मांडून बसायचे. एका गठ्ठ्याचं नाव 'लपवणं'. दुसऱ्याचं 'सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं नाही'.

बाबा भाजीच्या वावरातून येत आणि हसत.

"काय पत्ते खेळून राह्यली व?"

मग बाबांना जेवण जाईना. दादा त्यांना त्याच दवाखान्यात घेऊन गेला. परत आल्यावर त्याने मला गोठ्यामागे बोलावलं.

"शोभे, पोटात कॅन्सर हाय. डॉक्टर म्हणे, आता काही उपयोग नाई. बाबाले कळू देऊ नको."

"त्यायनं मले विचारलं त?"

"अल्सर हाय म्हणजो."

दादाचं ते वाक्य मी सवयीने चिठ्ठीवर लिहिलं. मग हातात घेऊन बसून राहिले. मी मुलगी होते की रिसर्चर, तेच समजेना.

एका दुपारी बाबा खाटेवर पडून होते. अचानक म्हणाले,

"दवाखान्यात लोकायले काय इचारते तू?"

"हेच... औषध, खाणंपिणं..."

"अन् ते खरं सांगतात?"

"काही जण सांगतात."

"बरं हाय," म्हणाले आणि पाणी मागितलं.

बस. एवढंच.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दादाला आष्टीला पाठवलं, आत्याला आणायला. वावराच्या वाटणीवरून बहीण-भावाचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आत्या आली, राहिली. दोघं लहानपणच्या गोष्टी काढून इतके हसले की बाबांना ठसका लागला.

आणि त्याच आठवड्यात दादाला वांग्याचं बियाणं आणायला लावलं. वर दम दिला,

"मांगच्या वर्षीसारखं रोगट आणू नको. मले अजून दोन साल हे वावर पाहाचं हाय."

पेरणीआधीच गेले.

दिवस झाल्यावर आई म्हणाली, "त्यायले सारं माहीत होतं. नाई त बहिणीले काऊन बोलावलं असतं?"

दादा उसळला. "माहीत असतं त बियाणं काऊन मागवलं असतं?"

दोघं माझ्याकडे वळले.

"तू त याच्यातच शिकून राह्यली. सांग ना."

 

सरांकडे गेले. म्हटलं, सर, माझे बाबा कुठल्याच गठ्ठ्यात बसत नाहीत. त्यांना वगळू का?

सर म्हणाले,

"जे बसत नाही ते फेकायचं नसतं, शोभा. थिअरी बदलायची."

पुन्हा सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. वडनेरच्या त्या सासऱ्यांना खरंच काही माहीत नव्हतं का, याचीही आता खात्री वाटेना. तिसरा गठ्ठा झाला. नाव दिलं, 'कळत नाही'. तो बघता बघता सगळ्यात मोठा झाला.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाबांच्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, "पण या पेशंटला माहीत होतं की नव्हतं?"

"सर, मला माहीत नाही."

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

डिग्री मिळाली.

आई शेवटपर्यंत म्हणत होती, त्यायले माहीत होतं. दादा आजही मानत नाही. मी कधी आईच्या बाजूने असते, कधी दादाच्या.

आज सकाळी आईच्या होते. हे लिहिता लिहिता दादाच्या झाले.

बाबा, खूप आठवण येते.
मनापासून नमस्कार.
तुमची शोभी