इंजिन कोणी बंद करायला लावलं

हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. नोकरीतल्या गोष्टी विचारल्या की मी वर्कशॉपमध्ये शिरलेल्या अस्वलाची गोष्ट सांगायचो, पुरात अडकलेल्या ट्रकची सांगायचो. ही टाळायचो.

मी चंद्रपूरचा. पोलिसांच्या वाहन विभागात मेकॅनिक होतो, बहुतेक नोकरी गडचिरोलीत झाली. टर्बोच्या डिझेल गाड्या आल्या तेव्हा ड्रायव्हरांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या गरम धुरावर फिरणारा आणि इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याच्या दांड्याला आधार फक्त तेलाचा. गाडी दामटून आणली आणि लगेच किल्ली फिरवली, तर तेल थांबतं आणि तापलेल्या दांड्याभोवती जळून त्याची काजळी होते. म्हणून पोचल्यावर इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं. मी सांगायचो, "गाडीले दम घेऊ द्या."

जंगलातल्या ठाण्यांची रीत मात्र उलटी. गाडीचं तोंड रस्त्याकडे करायचं आणि इंजिन ताबडतोब बंद. इंजिनाच्या आवाजात झाडीतली हालचाल ऐकू येत नाही. दोन्ही नियम बरोबर होते. त्यामुळे जाणते ड्रायव्हर शेवटचा रस्ता सावकाश यायचे, म्हणजे गाडी ठाण्यावर पोचेपर्यंत निवलेली असायची.

एकदा हेमलकशाच्या पुढे एका ठाण्यावर बंद पडलेली गाडी बघायला निघालो. सोबत मागे जवान होते. ड्रायव्हर गोंडपिपरीकडचा, माझ्याहून थोडा लहान, मला भाऊ म्हणायचा. ठाणं जवळ आलं तसा त्यानं वेग कमी केला. दोन्ही बाजूंना दाट बांबू. मला भीती वाटत होती, पण ती दाखवायची नव्हती.

"बैलगाडी हाकून राह्यला का? दामट."

"भाऊ, तुमीच तं म्हणता दम घेऊ द्या."

"आधी माह्या दमाचं पाह्य!"

तो हसला आणि त्यानं गाडी दामटली. फाटकाच्या आत आल्यावर इंजिन चालूच ठेवलं.

"बंद कर."

"भाऊ, थोडसंक…"

"बंद कर म्हणतो ना!"

त्यानं बंद केलं.

परतताना चढावर आमच्या गाडीचा शिट्टीसारखा आवाज वाढत गेला, निळा धूर निघाला आणि गाडीतला जोर गेला. टर्बो संपला होता. दुसरी गाडी येईपर्यंत जवान उघड्या रस्त्यावर बंदुका रोखून बसले. कोणाला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं, म्हणून चौकशी लागली.

साहेबांनी मला कारण विचारलं. मी म्हणालो, "तापलेलं इंजिन लगेच बंद केलं."

"कोणी?"

"ड्रायव्हरनं."

तो शेजारीच उभा होता. साहेब त्याला म्हणाले, "तुला शिकवलं नव्हतं का?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "शिकवलं होतं, साहेब. चुकलं माह्यं."

बाहेर आल्यावर मीच त्याच्यावर खेकसलो, "काऊन बोलला नाई?"

"तुमी होते ना तिथी, भाऊ. मले वाटलं, तुमीच बोलान."

दार अजून उघडं होतं. मी परत आत गेलो नाही.

त्याची गाडी काढून घेतली आणि त्याला फाटकावर पहाऱ्याला लावलं. स्टेअरिंगशिवाय ज्याला करमत नसे, तो माणूस नोकरी संपेपर्यंत दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी अडसर वर करत राहिला. मी जायचो तेव्हा "जय भीम, भाऊ" म्हणायचा. मी खिडकीतून हात हलवायचो.

आणखी एक सांगायचं राहिलं. एकदा इंजिन असं बंद केल्यानं टर्बो मरत नाही. वर्षानुवर्षांच्या त्या रितीनं तो आधीच झिजला होता. मागच्या सर्व्हिसिंगलाच ती शिट्टी मी ऐकली होती आणि "अजून चालेल" म्हणून सोडून दिलं होतं. चौकशीत एवढं जरी बोललो असतो तरी तो वाचला असता. दोष एका ड्रायव्हरवर गेला, रीत तशीच राहिली, आणि पुढेही टर्बो जात राहिले.

मागच्या हिवाळ्यात मी त्याच्या गावी गेलो. अंगणात बायका लाखोरीची डाळ पाखडत होत्या. त्यानं मला लगेच ओळखलं, खाट पुढे ओढली. चहा आला. मनात ठरवलेलं वाक्य मी हळू आवाजात बोललो.

त्यानं कानामागे हात धरला. "काय म्हणता, भाऊ?"

त्याची सून म्हणाली, "जोऱ्यानं बोला, बाबा. ऐकू नाई येत त्याईले."

सुपं थांबली. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

मी ओरडून म्हणालो, "चहा चांगला झाला म्हणतो!"

तो खूश होऊन हसला आणि सुनेला म्हणाला, "अजून दे भाऊले."

मी जे बोललो होतो ते इतकंच होतं: इंजिन बंद करायला मी लावलं, आणि साहेबांसमोर तुला एकट्याला उभं केलं. मला माफ कर.