बस्ता बांधून होईपर्यंत

महाद्वार रोडवरच्या त्या साड्यांच्या दुकानात पवित्राला कामाला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. कळंब्याहून केएमटीच्या बसनं यायचं, उतरल्यावर अंबाबाईच्या शिखराला रस्त्यावरूनच हात जोडायचे आणि दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसायचं. लग्नाचा बस्ता काढायला माणसं आली की मालक तिलाच हाक मारायचे. तिच्या तोंडात साखर होती, हाताला गुण होता.

दुकानाची एक रीत होती, मालकांच्या वडिलांपासूनची. आधी नवरीचा शालू काढायचा, त्याच्या पदराला हळदीकुंकू लावायचं, आणि जिनं ते लावलं तिनं बस्ता बांधून होईपर्यंत गादीवरून उठायचं नाही. मध्येच उठलं तर लग्नात विघ्न येतं म्हणे. मानपानाच्या साड्यांचा ढीग, त्यात रुसवेफुगवे. "त्यांच्या आत्याला काठाची, मग आमच्या आत्यानं काय घोडं मारलंय?" सकाळी सुरू झालेला बस्ता दिवेलागणीपर्यंत चालायचा.

दुकानात बायकांसाठी बाथरूमची सोय नव्हती. पलीकडच्या गल्लीत सार्वजनिक होतं, पण तिथं रांग. तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीच्या गादीवर सरकायचं आणि बस्त्याचं कमिशनही तिच्याच पदरात पडायचं. पवित्रानं सोपी वाट काढली. पाणीच प्यायचं नाही.

पण बस्त्याला आलेल्या पावण्यांनी मागवलेला चहा नको म्हटला की पावणे रागावतात. मग ती सांगायची, "उपास हाय माझा, निर्जळी." सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा. बुधवार तेवढा मोकळा होता, तो तिनं पांडुरंगाला देऊन टाकला.

शेजारच्या गादीवर केस पिकलेल्या तानाबाई बसायच्या. त्या चेष्टा करायच्या, "पवित्रे, एवढ्या देवांनी मिळून तुला दिलं काय गं?"

"नवरा दिला की."

"व्हय, त्यो बी रात्रपाळीचा!"

ते मात्र खरं होतं. प्रभुलिंग फौंड्रीत रात्रपाळीला होता. सकाळी तो घरात यायचा आणि ही बाहेर पडायची. सात वर्षांची सौंदर्या दारातच एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायची. तिला शाळेत सोडून तो आडवा व्हायचा, पण दिवसाची झोप ती कसली झोप? शाळा सुटायची वेळ टळून जाईल या धाकानं सारखा दचकून उठायचा. चाळिशीच्या आत त्याला बीपीची गोळी लागली होती. "आपलं मागनं बघू, पोरीचं आधी," असं दोघंही एकमेकांना सांगायची. पोरीच्या बाटलीत पवित्रा रोज उकळून गार केलेलं पाणी भरायची. बाटली रिकामी करूनच घरी आणायची, असा तिचा दंडक होता.

पवित्राला अधूनमधून हुडहुडी भरून ताप यायचा, कमरेत कळ मारायची. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं, "मूतखडा आहे, आणि लघवीत जंतू वरचेवर होतायत. पाणी पीत जा, नाहीतर किडनीवर जाईल." गोळ्या घेतल्या, उतार पडला. तोवर लग्नसराई आली. पुन्हा निर्जळी.

आणि एका मंगळवारी सौंदर्या तापानं फणफणली. लघवीला बसली की ओरडून रडायची. प्रभुलिंगानं तिला दवाखान्यात नेलं आणि फोन केला. पवित्रा धापा टाकत पोचली. डॉक्टरीणबाई त्याच, आणि आजारही तोच.

"ही पाणी पिते का?"

"रोज बाटली रिकामी आणते की, बाई."

पोरीनं मान खाली घातली. "झाडाला घालते मी."

"का गं?"

"शाळेतलं बाथरूम लै घाण हाय. आन् मधीच विचारलं की बाई वरडतात." मग तिनं आईकडं बघितलं. "तू बी पीत न्हाईस की. मी बी उपास धरला. कुणी विचारलं तर तसंच सांगायचं न्हवं?"

शनिवारची शाळा लवकर सुटली की ती दुकानात कोपऱ्यात बसायची. तिथंच ऐकलं होतं तिनं सगळं.

"कसला उपास?" प्रभुलिंगानं विचारलं. सोमवार सोडला तर घरात त्यानं उपास बघितलाच नव्हता.

देवाचं नाव पुढं करून खोटं बोललं की पाप लागतं, हे पवित्राला ठाऊक होतं. पण ते आपल्याला लागेल, आपण सोसू, अशी तिची समजूत होती. पोरीला लागेल हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

पोरीचा ताप उतरला, आणि त्याच आठवड्यात कोडोलीकडचा मोठा बस्ता आला. मालकांनी हाक मारली. पवित्रानं शालूला हळदीकुंकू लावलं. त्या दिवशी ती घरून बाटली घेऊन आली होती, आणि पाणी सगळ्यांदेखत पीत होती. तानाबाई डोळे मोठे करून बघत राहिल्या.

दुपारी बस्ता ऐन रंगात असताना पवित्रा उठली.

"काय झालं?" मालक म्हणाले.

"जरा जाऊन येते."

"बस्ता चालू हाय. रीत ठाऊक हाय न्हवं तुला? पावण्यांच्या कार्यात काही कमीजास्त झालं, तर?"

नवरीची आजी पवित्राकडं निरखून बघत होती. "कुठं जायाचं हाय, पोरी?"

"पलीकडच्या गल्लीत, आजी."

"आगं बया! मग सकाळी न्हाय व्हय सांगायचं? कवाधरनं दाबून बसलोय मी. थांब, मी बी येतो."

आजीच्या मागून चुलती उठली, आत्या उठली, शेवटी नवरीही उठली. गादीवर उरले ते नवरीचे मामा, मांडीवर साड्यांचा ढीग घेऊन.

पावण्यांसमोर मालक हसले. संध्याकाळी त्यांनी पवित्राला बोलावून सांगितलं, "उद्यापासनं अस्तराच्या कौंटरला बस." तिथं ना बस्ता, ना कमिशन. तिची गादी तानाबाईंना मिळाली. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "मला न्हाय म्हणता आलं न्हाय गं."

घरी सौंदर्यानं आईची बाटली उपडी करून बघितली. "संपवलीस?"

"संपवली. मधीच उठले बी."

"मालक वरडलं?"

"वरडलं की."

पोरीनं थोडा विचार केला. "आमच्या बाई बी वरडतील. आन् बाथरूम घाणच हाय."

पवित्राच्या कमरेतली कळ अजून गेली नव्हती, आणि आता घर कसं चालवायचं ही काळजी वेगळीच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायची वेळ होऊन गेली, तरी ती शाळेच्या फाटकाशी उभी होती. शेजारी प्रभुलिंग, फौंड्रीतून थेट आलेला, काळवंडलेल्या कपड्यांत, डोळे लाल.

"काय काम हाय?" शिपायानं विचारलं.

पवित्रानं पोरीचा हात घट्ट धरला. "मोठ्या बाईंना भेटायचंय," ती म्हणाली. "आन् पोरींचं बाथरूम बघायचंय."