फुकटच्या तिकिटासाठी माकणीपर्यंत

पुणे स्टेशनवरून सोलापूरची गाडी सुटली तेव्हा माझ्या पाकिटात चार क्रेडिट कार्डं होती आणि शेजारच्या सीटवर गप्प बसलेली बायको. कार्डांपैकी एक पेट्रोलचं, एक किराण्याचं, एक ऑनलाइन खरेदीचं आणि एक विमानाचं. कोणतं कार्ड कुठे घासायचं हे मला झोपेतही सांगता येतं. वार्षिक फी आली की बँकेला फोन करून अत्यंत दुःखी आवाजात ‘कार्ड बंद करा’ म्हणायचं, म्हणजे पलीकडचा मुलगा गहिवरून फी माफ करतो, ही विद्या तर मी सोसायटीतल्या निम्म्या लोकांना शिकवली आहे. त्यातले काहीजण आता मला टाळतात, पण ते जाऊ द्या.

या वेळी विमानाच्या कार्डाचा प्रश्न होता. कार्डाचं वर्ष संपण्याआधी ठरलेला खर्च पूर्ण झाला तर फी माफ होणार होती, आणि वर इतके पॉइंट मिळणार होते की सिंगापूरची दोन तिकिटं फुकट. सिंगापूरला आमची लेक रेवती असते. तिचे दिवस भरत आले होते. बायकोचा, सुनंदाचा, व्हिसा येऊन पडला होता, बॅग अर्धी भरलेली होती, आणि ती रोज मला एकच विचारत होती, “अहो, तिकिटाचं काय?” मी रोज सांगत होतो, “थोडाच खर्च राहिलाय.” जगातल्या इतर बायकांचे नवरे ‘थोडाच पगार राहिलाय’ म्हणतात. माझं आपलं उलटं.

तो राहिलेला खर्च घरात बसून होण्यासारखा नव्हता. फ्रिज नवा होता, टीव्ही नवा होता, मिक्सर तर दोन होते. तेवढ्यात सुनंदा म्हणाली की रेवतीच्या सुखरूप सुटकेसाठी तिने तुळजापूरच्या देवीला बोलून ठेवलं आहे: आईची ओटी भरायची आणि माकणीला, तिच्या माहेरी, पाच घरी जोगवा (देवीच्या नावाने मागायची पीठ-धान्याची भिक्षा) मागायचा. गेली कित्येक वर्षं मी माकणीला जायचं टाळत होतो. तिथे विमानतळ नाही, हॉटेल नाही, कसली ऑफर नाही. पण आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लॉज, साडी, जेवणावळ, गाडी, सगळं कार्डावर! भक्ती तिची, पॉइंट माझे.

सोलापूरला एसटीत बसलो. कंडक्टरने सुनंदाला अर्धं तिकीट दिलं. बायकांना एसटीत अर्धंच पडतं. ना वार्षिक फी, ना अटी, ना बारीक अक्षरातली कागदं; नुसतं बाई असणं पुरतं. मी कार्ड पुढे केलं तेव्हा कंडक्टरने ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, “ज्येष्ठ नागरिक हाय का तुमी?” मी मुकाट्याने रोख पैसे दिले. सुनंदा खिडकीबाहेर बघत हसली. प्रवासातलं तिचं ते पहिलं हसू.

घाट चढून तुळजापूर आलं आणि भोवती कुंकवाचे लाल-पिवळे ढीग, कवड्यांच्या माळा, हिरवे खण, नारळ आणि लॉजच्या पाट्या दिसू लागल्या. ‘कार्ड स्वीकारले जाईल’ अशी पाटी असलेला एकमेव लॉज मी घरूनच शोधून ठेवला होता. त्यासाठी वंशपरंपरेने आमच्या घरचं पाहणाऱ्या पुजाऱ्यांकडे उतरायचं मी नाकारलं होतं. लॉजच्या मालकांनी टेबलाखालून मशीन काढलं, त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली आणि ते मला गच्चीवर घेऊन गेले.

“हितं रेंज येती कवा कवा,” ते म्हणाले. आम्ही दोघांनी ते मशीन आकाशाकडे धरून बरीच आराधना केली. खाली रांगेतून ‘आई राजा उदो उदो’ असा गजर ऐकू येत होता. शेवटी मालक म्हणाले, “साहेब, दर्शन होईल, पन हे न्हाई व्हायचं. फोनवरनं द्या की!”

फोनवरनं दिले. फोनवरून दिले की बँक खात्यातले जातात आणि कार्ड उपाशी राहतं. ओटीचं सामान घेतलं, तिथेही दुकानदाराने चौकोनी चित्र पुढे केलं, स्कॅन करा म्हणून. पेढ्यांच्या दुकानात तेच. साडीच्या दुकानात मशीन होतं, पण सुनंदाने देवीसाठी जी साडी निवडली ती इतकी साधी निघाली की मला देवीची दया आली. “जरा भारीतली घे ना,” मी म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या तोंडून हे वाक्य तिने प्रथमच ऐकलं असावं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “देवीला कशाला मध्ये घालताय?”

पायऱ्या उतरून आम्ही दर्शन घेतलं. रांग मोठी होती. सुनंदाने ओटी भरली तेव्हा ती ओठांतल्या ओठांत रेवतीचं नाव घेत होती. मी हात जोडून उभा होतो. खोटं कशाला सांगू, मीही मागितलं, पण काय मागितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेर आमच्या पुजाऱ्यांच्या घरी जेवलो. आम्ही लॉजमध्ये उतरलो याचा राग त्यांनी गरम धपाटे आणि दह्याच्या वाडग्यातून व्यक्त केला. पोट तुडुंब भरलं आणि खर्च शून्य झाला. अशा वेळी माणसाने हसावं की रडावं!

दुसऱ्या दिवशी मंगळवार. जोगव्याचा वार आणि माझ्या कार्डाच्या वर्षाचा शेवटचा दिवस. सुनंदाचा धाकटा भाऊ बळीराम जीप घेऊन न्यायला आला. तो शेती करतो आणि हंगामात त्याचे दोन ट्रॅक्टर कारखान्याला ऊस वाहतात. जीपमध्ये बसता बसता तो सहज म्हणाला, “अक्के, माकणीला जाऊन ढोकीला यायचं हाय मला. ट्रॉलीचे टायर गेल्यात. समदेच बदलायचेत.”

“समदेच?” मी विचारलं. माझ्या आवाजातला जिव्हाळा ऐकून तो चमकला.

ढोकी आमच्या वाटेवर नव्हतंच, चक्क उलट्या दिशेला होतं. पण मी बळीरामला समजावलं: टायरचे पैसे मी कार्डाने भरतो, तू मला रोख दे. तुझं काहीच जात नाही. “आन् तुमचं काय येतं, दाजी?” त्याने विचारलं. मी सिंगापूरपर्यंतची सगळी योजना सांगितली. तो आरशातून मागे बघत म्हणाला, “अक्का, दाजींची तब्येत बरी हाय न्हवं?”

ढोकीच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. मळीचा आंबूस वास, धुराळा, ट्रॅक्टरवर मोठ्याने लावलेली गाणी. तिथल्या दुकानात टायर, पाइप, बियाणं, औषधफवारणीचे पंप असं सगळं एकत्र होतं, आणि काउंटरवर रेंज असलेलं चकचकीत मशीन! मला त्या दुकानदाराला मिठी मारावीशी वाटली.

“कार्डावर दोन टक्के जादा पडत्याल,” तो म्हणाला.

दोन टक्के! फी वाचवण्यात ज्याने आयुष्य घालवलं त्याच्या काळजाला किती घरं पडली असतील, कल्पना करा. मी घासाघीस केली. तो हलला नाही. “रोख देत असताल तर न्हाई लागत,” असंही वर म्हणाला, आणि बळीरामने खिशातून नोटांची गड्डी काढून त्याच्यापुढे धरली. ती गड्डी मी घाईघाईने स्वतःच्या खिशात घातली आणि कार्ड दिलं. वरचे टक्के माझे. मशीनमधून कागद सर्रकन बाहेर आला. सुनंदा जीपमधून उतरलीच नव्हती. मी जाऊन सांगितलं, “झालं! काढलं समज तुझं तिकीट.” तिचा चेहरा असा खुलला की आता आठवलं तरी मला कसंतरी होतं.

माकणीला पोचायला दुपार कलली. धरणाचं पाणी लांबून चमकत होतं, तूर फुलावर होती. बळीरामच्या बायकोने, शोभाने, हातपाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच माडगं (हुलग्याच्या पिठाची तिखट, गरम पेज) पुढे ठेवलं. मी पहिला घोट घेतला आणि फोनवर बँकेचा मेसेज वाजला. पॉइंट शून्य. मी बँकेला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. “सर, शेती-साहित्याच्या दुकानातली खरेदी या योजनेत धरत नाही. अटींमध्ये दिलंय, सर.” मी तिला माझ्या दुःखी आवाजात कार्ड बंद करायची धमकी दिली. ती म्हणाली, “ठीक आहे सर, करू का?”

मी सुनंदाला काही बोललो नाही. ती शोभाबरोबर जोगव्याला निघाली, मीही मागोमाग गेलो. सुनंदाच्या हातात परडी (देवीच्या नावाने मागताना धरायची पसरट टोपली), कपाळावर मळवट. पुण्यात शिकवण्या घेणारी, मुलांना दरडावणारी ही बाई परक्या दारात उभी राहून “जोगवा वाढा, माय” म्हणते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक दारातून ओंजळभर पीठ पडत होतं. कुणी ज्वारीचं, कुणी बाजरीचं. कुणी तिला ओळखून गालावरून हात फिरवत होतं. बदल्यात कुणी काही मागत नव्हतं, आणि मला सवयीने अटी शोधाव्याशा वाटत होत्या.

शेवटच्या घरी सरूबाई म्हणून एक म्हातारी होती. तिने पीठ घातलं आणि विचारलं, “कशापायी गं जोगवा, सुनंदे?”

“लेकीचं बाळंतपण हाय, मावशी. सिंगापूरला असती ती.” माहेरी पाऊल पडलं की सुनंदाची भाषा बदलते.

“कवा?”

“आता कवाबी.”

म्हातारीने परडीवरून नजर उचलून तिच्याकडे बघितलं. “मग तू हितं काय करतीस?”

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी मावशींना पॉइंटचं समजावायला लागलो. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे फुकट मिळंस्तवर पोरीनं थांबायचं व्हय?” लाज वाटली. सगळ्या गल्लीदेखत वाटली.

संध्याकाळी त्या पिठाच्या भाकरी झाल्या, शेंगदाण्याची चटणी आणि वरण. ताटावर बसल्यावर सुनंदाने विचारलं, “ढोकीचं धरलं नाही ना बँकेने?”

“तुला कसं कळलं?”

“माडग्याचा घोट घेऊन तुमचं तोंड जे झालं ते तिखटाने होत नाही. बरं, खर्च किती कमी पडतोय?”

मी आकडा सांगितला.

“आणि मला सिंगापूरला जायचं तिकीट केवढ्याला आहे?”

मी तोही आकडा सांगितला. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच होते. तिचं तिकीट कार्डावर सरळ विकत घेतलं असतं तर खर्च त्यातच पुरा झाला असता, फी माफ झाली असती आणि माझं तिकीट फुकट आलं असतं. पण तिकीट विकत घेणं हे आमच्या पंथात बसतच नाही, म्हणून ते मला सुचलंच नव्हतं. मी दोन मिक्सर घेतले, उलट्या वाटेने ढोकीला गेलो, ट्रॉलीचे टायर घेतले.

बळीराम इतका हसला की त्याला ठसका लागला. “दाजी, आजून आजचा दिस हाय की! काढा आता!”

मी हात धुऊन फोन घेतला. कार्डाचा नंबर घातला. उत्तर आलं: मर्यादा संपली आहे. टायरांनी सगळी खाल्ली होती. खात्यात तेवढी शिल्लक नव्हती; बळीरामची रोकड माझ्या खिशात होती, पण ती या वेळी कुठल्या बँकेत भरणार?

“राहू द्या,” सुनंदा म्हणाली. “मी काढलंय. सरूमावशीच्या दारातून आले आणि लगेच काढलं. शिकवण्यांच्या पैशातून.”

“दोन्ही?”

“एकच. तुमचं फुकट यायचंय ना?”

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

परतीच्या वाटेवर आम्ही सोलापूरच्या चटणीच्या पुड्या घेतल्या, रोखीने. सांगायला आनंद वाटतो की सुनंदा वेळेत पोचली, रेवतीजवळ होती, आणि मी आजोबा झालो आहे. नात अजून मी फोनच्या पडद्यावरच पाहिली आहे. बँकेने वार्षिक फी लावली, आणि त्या फीवर करही लावला. पण त्या सगळ्यापेक्षा मला मुंबईच्या विमानतळावरची गोष्ट राहून राहून आठवते.

माझ्या विमानाच्या कार्डावर तिथल्या लाउंजमध्ये खाणंपिणं फुकट असतं. पण कार्ड माझ्या नावाचं, म्हणून ते सुनंदाला चालत नव्हतं. आणि माझ्याजवळ तिकीट नाही, म्हणून दारावरचा जवान मला आत सोडत नव्हता. मी कार्ड हातात धरून बाहेर उभा राहिलो. ती ट्रॉली ढकलत आत गेली. तिने मागे वळून हात केला, आणि मला एकदम भरून आलं. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

“झालं सगळं. सामान गेलं. बसायला जागा मिळालीय. चहा घेतला.”

“केवढ्याला?” माझ्या तोंडून गेलंच.

ती म्हणाली, “विचारलं नाही.”