साध्या दुधाचा पिंजरा

बीडच्या एका फार्मसी कॉलेजात पीएचडी करताना मी पांढऱ्या उंदरांची पिल्लं वाढवत होते. अर्ध्या पिल्लांना ड जीवनसत्त्व मिसळलेलं दूध, अर्ध्यांना साधं. बाकीचं खाद्य सारखंच, ड वगळलेलं. ऊन येऊ नये म्हणून खिडकीला काळा कागद. ड नसलं की दुधातलं कॅल्शियम हाडापर्यंत धड पोचत नाही. किती कमी पोचलं, ते मला शेवटी हाडं जाळून, राख तोलून दाखवायचं होतं.

पिंजरे धुवायला, दूध घालायला नेकनूरहून एक मावशी यायच्या. पाठीच्या दुखण्यानं त्यांची ऊसतोड सुटली होती. काही आठवड्यांनी त्या म्हणाल्या, “म्याडम, साध्या दुधाचे मागचे पाय वढत चालतेत. लई हाल हायेत वो त्यांचे.”

“व्हायलाच पाहिजेत,” मी म्हणाले. मला आनंद झाला होता.

पुढे मी आठ-दहा दिवस पाटोद्याला घरी होते. परत येऊन बघते, तर ती पिल्लं बरीच नीट चालत होती. विचारल्यावर मावशींनी काही लपवलं नाही.

“तिकडच्यायचं उरलेलं दूध मोरीतच जातंय, म्हनून हिकडं घातलं. कावून वो, चुकलं का काय?”

ड मिसळलेलं दूध साध्या पिंजऱ्यात गेलं होतं. सगळा प्रयोग बाद झाला होता. दोन्ही पिंजऱ्यांतली पिल्लं मारून नव्यानं सुरुवात करणं आलं. मारायचं काम लॅबमधला सहायक करायचा, आणि त्या दिवशी तो होताही. पण मी मावशींनाच बोलावलं.

“तुमच्यामुळं मरतायत ती. तुम्हीच आणून द्या.”

त्यांनी एकेक पिल्लू ओंजळीत आणलं. मी ते भुलीच्या औषधाच्या बरणीत सोडायचे, झाकण लावायचे, थांबायचे. पिल्लं त्यांच्या हाताला सरावलेली. दूध मिळेल म्हणून बोटं चाटायची.

“ही तर बरी झालती वो,” मावशी पुटपुटल्या.

“म्हणूनच,” मी म्हणाले.

घाई केली नाही. मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

वाटलं, आता त्या यायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या बसनं वेळेवर आल्या. महिनाभरात नवी पिल्लं आणली. उरलेलं दूध मावशी माझ्यासमोर मोरीत ओतायच्या, मी बघतेय ना याची खात्री करून. एका सकाळी त्यांनी साध्या दुधाचं एक पिल्लू तळहातावर आणून दाखवलं. मागचे पाय फाकलेले, उभंही राहता येत नव्हतं.

“बघा म्याडम, आता बरूबर हाय न्हवं?”

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. मी हो म्हणाले. त्यांनी ते हलक्या हातानं परत पिंजऱ्यात ठेवलं आणि झाडू उचलला.

राख हवी तशी भरली. मला पदवी मिळाली. मावशींची माफी मागायला मी नेकनूरला कधी गेले नाही. बीडहून तासाभराचाही रस्ता नाही.