फुकटच्या वायरी आणि आमचे व्याही

जगातल्या कुठल्याही दोरीच्या, नळीच्या किंवा वायरीच्या दुसऱ्या टोकावर जन्मात विश्वास न ठेवणारा एकच माणूस अख्ख्या काशीत होता, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. पहिलं टोक सगळेच बघतात. ते समोरच असतं. आमचे व्याही, अण्णा, ते बघून नुसतं "हं" म्हणत आणि लगेच विचारत, "आणि दुसरं?" घराणं रामघाटावरचं, वेदपाठी. लहानपणी वडिलांनी ऋचा आधी सुलट, मग उलट, मग पुन्हा सुलट अशा घोकून घेतलेल्या. पुढे अण्णा रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागले, पाठ मागे पडला. पण सुलट पाहिलेलं उलट पाहिल्याशिवाय खरं मानायचं नाही, ही खोड अंगात मुरली ती मुरलीच.

नावेत बसायचं झालं तर ते आधी नावेला बांधलेली गाठ ओढून बघत, मग पायऱ्या चढून घाटावरच्या कडीतली गाठ बघत, आणि ती बघून येईपर्यंत नावेकडची कुणी सोडली तर नसेल, म्हणून परत पहिली बघत. एकदा नावाडी हात जोडून म्हणाला, "पंडितजी, दोनों सिरे आप ही रख लीजिए, हम घर जाते हैं।" माझ्याकडे चहाला आले की बसण्याआधी ओट्याखाली वाकून गॅसची नळी सिलिंडरपाशी आणि शेगडीपाशी हलवून बघायचे. "चहा काय, होईल. आधी तसल्ली." खात्रीला तसल्ली हा त्यांचा शब्द. आणि लग्नात तर कहर! सप्तपदीच्या ऐन तोंडावर हे गृहस्थ उठले, मुलीच्या शालूची आणि मुलाच्या उपरण्याची गाठ ओढून पाहिली आणि गुरुजींना म्हणाले, "थांबा. गाठ पक्की आहे, पण उपरण्याचं दुसरं टोक याच्या खांद्यावर नुसतंच टाकलंय." मग सेफ्टी पिन शोधायला सगळा मांडव धावला. मुहूर्त टळतो की काय अशी वेळ, माझ्या तोंडात शिव्या तयार, पण मी पडले मुलीची आई. मुलीच्या आईने व्याह्यांसमोर आवाज चढवायचा नसतो, हा नियम कुणी केला कोण जाणे. तो मला भेटायला हवा होता.

कारण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी खानदेशातून ब्रह्मा घाटावर सून म्हणून आले तेव्हा मला हिंदीतला एकच शब्द येत होता, "कितना?" त्या एका शब्दावर मी साड्यांचा धंदा उभा केला. नवऱ्याची, दिराची, कुणाची दमडी त्यात नाही. भाव पाडावा तर मी पाडावा, आणि भाव पाडून झाला तरी "ऊपर से क्या दोगे?" असं विचारून काहीतरी पदरात पडल्याशिवाय मी दुकानाची पायरी उतरत नाही. साडीवर फॉल, फॉलवर रीळ, रिळावर सुई. हे वरचं घेण्यात माझी अब्रू आहे, आणि अण्णांनी घाव घातला तो नेमका त्याच अब्रूवर.

झालं असं, की पुण्याहून मुलगी म्हणाली, "आई, आता फोनवर किती दिवस साड्या दाखवणार? कम्प्युटर घे. सुटे भाग आण, अण्णा जोडतील." अण्णांनी तोवर कम्प्युटर जोडला नव्हता आणि मी कधी घेतला नव्हता. पण भाव करायला वस्तू कळावी लागते असं थोडंच आहे? मी गेले, दोन तास भांडले आणि सगळे भाग घेऊन आले. एसएमपीएस, म्हणजे कम्प्युटरभर वीज वाटणारा पत्र्याचा डबा, त्यासाठी तर दुकानदाराला असा पिळला की शेवटी तो म्हणाला, "अम्मा, अब जान ही बची है।" मी म्हटलं, "वो रखो, ऊपर से कुछ दो." त्याने खणातून दुसऱ्या कुठल्या तरी डब्याच्या लांबलचक वायरींचा झुबका काढून माझ्या पिशवीत टाकला. डब्याबरोबर आलेल्या वायरींहून लांब आणि जाड. मी विजयी मुद्रेने घरी आले.

घाई होती ती एका डिस्कची. माझ्या साड्यांचे फोटो काढणाऱ्याने दुकान बंद करताना सगळे फोटो भरलेली डिस्क मला देऊन टाकली होती. पहिल्या दिवसापासूनची माझी प्रत्येक साडी त्यात. नक्शे काढणारे माझे जुने कारीगर वारले, त्यांचे कागद वाळवीने खाल्ले. ती नक्षी आता त्या डिस्कशिवाय कुठेच नव्हती. आणि नागपूरच्या एका बाईंना, त्यांच्या आईने माझ्याकडून नेलेली कुयरीची साडी जशीच्या तशी मुलीच्या लग्नात हवी होती. संध्याकाळी पाचला त्या व्हिडिओवर येणार होत्या. फोटो पटला तर लग्नाचा सगळा बस्ता माझा. नाहीतर त्यांच्या यादीत पुढचं दुकान तयारच होतं.

अण्णा सकाळीच आले. दिवाणावर चादर पसरली, भाग मांडले आणि माझ्या टोपलीतून रेशमाचे उरलेले धागे मागून घेतले. मला वाटलं, पूजा करतात की काय. तर प्रत्येक वायरीच्या एका टोकाला लाल धागा, दुसऱ्या टोकालाही लाल. पुढचीला हिरवा आणि हिरवा. मग एकेक वायर मदरबोर्डपासून डब्यापर्यंत बोटाने चाचपत जायचं आणि डब्यापासून मदरबोर्डपर्यंत परत यायचं. दुपार झाली, जेवणं झाली, बोट वायरीवर फिरतंच आहे. मी दर थोड्या वेळाने म्हणते, "अण्णा, झालं का हो?" आणि ते म्हणतात, "झालंच, विहीणबाई. फक्त तसल्ली." चार वाजून गेले. राहिली होती डिस्क. ती बसवली होती खोक्यात अगदी खाली आणि डब्याची वायर तिथवर पोचेना. मी झुबक्यातली लांब वायर पुढे केली. अण्णांनी ती उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "ही या घरची नाही." आणि हात धुवायला गेले.

या घरची नाही म्हणजे? मी आणली ती! मी वायर उचलली, एक टोक डिस्कमध्ये, दुसरं डब्यात. दोन्हीकडे टक्क करून अशी बसली की जणू जन्मच त्यासाठी. बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "हात काढा."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते. मी हात काढला, पण तोंड उघडलं. "अण्णा, मुलीची आई म्हणून किती ऐकायचं? दोन्ही टोकं बसलीत. तुम्हाला दोन्ही टोकंच बघायची असतात ना? मग बघा!"

"बसलीत," ते म्हणाले. "पण बसलेलं टोक आपलंच असेल, असं नाही."

त्यांनी डिस्क काढून बाजूला ठेवली, वायरीचं मोकळं टोक हातात धरलं, आपल्या वीज मोजायच्या मीटरच्या दोन सुया त्यात घातल्या आणि म्हणाले, "आता दाबा." मी रागाने दाबलं. पंखा घरघरला. मीटर त्यांनी माझ्यापुढे धरला. "इथे पाच व्होल्ट यायला हवेत."

मीटरवर बारा होते. टोक बसलं होतं, पण वायरीतली जुळणी दुसऱ्याच डब्याची; डिस्क जागच्या जागी जळाली असती.

मग त्यांनी बंद केलं, डब्याची स्वतःची आखूड वायर लावली आणि पुन्हा दाबायला लावलं. पाच. माझी लांब वायर लावून तिसऱ्यांदा. बारा. सुलट, उलट, सुलट. मी डिस्ककडे पाहिलं. माझा सगळा धंदा त्या तळहाताएवढ्या चपट्या डबीत होता आणि माझं बोट बटणावर होतं.

मला वाटलं, आता हे बोलणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण त्यांनी माझी कापडाची कात्री उचलली, जिने मी घरातल्या कुणाला कागदसुद्धा कापू देत नाही, आणि तो अख्खा झुबका माझ्या डोळ्यांदेखत कचाकच कापला.

"अहो! परत केल्या असत्या!"

"परत केल्या की तो त्या दुसऱ्या कुणालातरी ऊपर से देणार."

हे मला आजतागायत पटलेलं नाही. फुकटच्या मालाची अशी नासाडी मी कुठे पाहिली नाही आणि कात्रीची धार गेली ती गेलीच.

डिस्क वरच्या खणात हलवावी लागली, म्हणजे आखूड वायर पोचेल. अण्णा स्क्रू पिळत होते तोवर नागपूरचा फोन वाजला. मी त्या बाईंना बोलण्यात गुंतवलं. होणाऱ्या व्याह्यांचा स्वभाव कसा, हे विचारलं आणि मग त्यांना थांबवावंच लागलं नाही. मीही कळवळून "अगदी, अगदी" म्हणत राहिले. अण्णा समोरच होते, पण मान वर केली नाही. शेवटी त्यांनी डिस्कच्या वायरीची, पिवळा धागा बांधलेली दोन्ही टोकं चाचपली आणि मला बटण दाखवलं. पडदा उजळला. कुयरीची साडी आली, पदराच्या गोंड्यासकट. पलीकडे बाई रडायलाच लागल्या. बस्ता माझा झाला. अण्णा म्हणाले, "आता चहा," आणि गॅसची नळी बघायला ओट्याखाली वाकले.

गेल्या थंडीत अण्णांच्या गुडघ्यांनी घाटाच्या पायऱ्यांशी वैर धरलं आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. कँट स्टेशनवर मी हमालाशी भांडत होते, तेव्हा अण्णांनी रामघाटच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "विहीणबाई, अधूनमधून खिडक्या उघडा." त्यांच्या बॅगेच्या मुठीला पिवळं रेशीम बांधलेलं होतं, माझ्याच टोपलीतलं. तेही न विचारता घेतलेलं. गाडी सुटेपर्यंत मी त्यावरून कुरकुरत राहिले आणि ते खिडकीतून "हं, हं" करत राहिले.

दुसऱ्या दिवशी रामघाटावर गेले. दाराच्या कडीला पिवळा धागा होता. मी तो ओढून पाहिला. गाठ पक्की होती.

परवा रात्रीच्या जेवणाआधी त्यांचा फोन आला. तब्येत विचारली तर नुसतं "हं". मग विचारलं, "विहीणबाई, कडी?"

"बघितली," मी म्हटलं. "तुमच्याकडचं टोक कसं आहे, ते सांगा."