आठावर अडलेला दट्ट्या

मंडळी, इथले अनुभव वाचून आजवर मी नुसता हसत आलोय. दौंडला रेल्वेत एकतीस वर्षं फिटर होतो. जे मापात बसत नाही ते माझ्या डोक्यातही बसत नाही. पण गेल्या हिवाळ्यात वडगाव रासाईला जे झालं, ते कुठल्याच मापात बसेना...

बायकोला, मंगलला, दोन वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे. सकाळी खाण्याआधी वीस युनिट. सुई मीच देतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं – जास्त गेलं तर साखर एकदम उतरेल, माणूस हातचा जाईल. म्हणून मी बाटली उलटी करून, सिरिंज डोळ्यासमोर धरून, बुडबुडे काढून अगदी रेघेवर आणतो. मंगल चिडवते, "अहो, सुई टोचताय का इंजिन जोडताय?"

तर तिच्या माहेरी गेलो आणि बाटली दौंडला फ्रिजमध्येच राहिली. लाल टोपणाच्या सिरिंजा तेवढ्या पिशवीत होत्या. मेव्हणा दत्ता सकाळीच गाडी काढून शिरूरहून बाटली घेऊन आला.

"दाजी, नाव बघूनच आणलीय. तीच हाय."

नाव तेच होतं. मी भरायला घेतलं. आधी बाटलीत सोडायला हवा ओढली – वीसपर्यंत झक्कास आली. मग औषध ओढलं... आणि दट्ट्या आठावर अडला. ओढला, हिसडला, हलेना. च्यायला! औषध परत बाटलीत सोडलं, नवी सिरिंज फोडली. आठ. तिसरी फोडली. पुन्हा आठच! माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

"अहो, आठ तर आठ, द्या की! भाकरी निवतीय माझी," मंगल करवादली. माहेरी आली की तिची भाषाच बदलते.

दिले आठ. उरलेल्या बारासाठी चौथी सिरिंज घेतली, तर तिच्यात हवासुद्धा येईना. सगळा मालच बोगस, असं म्हणत मी तावातावानं डॉक्टरांना फोन लावला.

त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाटलीवर एका एमएलला चाळीस युनिट लिहिलंय की शंभर?"

चष्मा पुसून पाहिलं. शंभर.

"आणि सिरिंज चाळीसची? अहो, हे औषध अडीचपट कडक! वीसच्या रेघेपर्यंत भरलं असतं तर पन्नास युनिट गेलं असतं. आठाची रेघ म्हणजे बरोबर तुमचे वीस. आता थेंबभरही देऊ नका, त्यांना जेवू द्या."

तिथंच ओट्यावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. या हाताचा मला केवढा गर्व... आणि याच हातानं मी मंगलला मारायला निघालो होतो.

"आवो, काय झालं? मी हाय की हितं!" ती घास तोंडात ठेवूनच उठली.

दुपारी त्याच चारही सिरिंजांत पाणी ओढून पाहिलं. सगळे दट्टे चाळीसपर्यंत सरसर आले. दत्ता म्हणाला, "देवानंच हात धरला, दाजी." शेजारचे एक जण म्हणाले, थंडीनं रबर आखडलं असेल. असेलही... पण तिन्ही वेळा बरोबर आठावरच?

तुमच्या घरी कुणी सुई घेत असेल तर नुसतं नाव बघू नका. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय का ते आधी बघा.

बाकी मला उलगडा झालेला नाही. मी कधी कुणापुढे हात जोडले नव्हते. आता रोज सकाळी जोडतो, पण कुणापुढे ते ठाऊक नाही. हे लिहितोय आणि मंगल समोर मेथी निवडत ओरडतेय – तो मोबाईल ठेवा आधी, डोळे जातील.

ओरड बाई, खुशाल ओरड.